डाव्या चाकावरची करवंटी

चूक कुणाची, असं कुणी मोठ्या आवाजात विचारलं की माझा हात आपोआप वर जातो. वडील शाळामास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात होतो, तेव्हाची ही सवय. खडू कुणी फोडले, घंटा कुणी वाजवली, मी हात वर. बहुतेक वेळा मी काहीच केलेलं नसायचं. पण प्रश्न विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरायची ती मला सोसायची नाही. असा माणूस गाड्यांच्या चाकांची बेअरिंग बसवण्याच्या धंद्यात पडावा ही गंमतच आहे. या धंद्यात आपण दुरुस्त केलेली वस्तू झाकली जाते, गाडी निघून जाते, ती वस्तू कुठल्या कुठे फिरत राहते, आणि इकडे मी ताटावर बसून बायकोला विचारतो, "नट जास्त तर नसंल ना आवळला?" ती म्हणते, "आमटी घेऊ का वाढायला?"

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला माझं गॅरेज आहे. लोक मला मास्तर म्हणतात. ती पदवी वडिलांची, मला फुकट मिळालेली. काम एकाच जातीचं. शेतात, नाल्यात, खाणीत, जिथे रस्ता नाही तिथे जाणाऱ्या फोर-व्हील जीपा माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्या चाकांच्या मधला भाग उघडतो.

बेअरिंग म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पोलादी कड्या, एकीत एक. मधे रोलर बसवलेले आणि सगळीकडे ग्रीस. चाक फिरतं पण दांडा फिरत नाही, आणि दोघांची भांडणं होत नाहीत, ती या रोलरांमुळे. पुढच्या चाकात अशी दोन बेअरिंग पाठीला पाठ लावून बसतात. ती बसवली की वरचा नट चाक फिरवत फिरवत आवळायचा आणि मग किंचित मागे सोडायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. हे 'किंचित' किती, ते हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. माझी झोप त्या 'किंचित'नेच उडवली आहे.

बेअरिंगचे शत्रू दोन, पाणी आणि चिखल. बेअरिंग खराब व्हायला लागलं की गाडी गुणगुणते. आधी भुंग्यासारखी, मग दळणाच्या गिरणीसारखी. आमच्याकडे खंडेनवमीला गाड्या धुतात, आणि भक्तीच्या भरात प्रेशरचा पाइप सरळ चाकाच्या मध्यावर धरतात. ग्रीस निघून जातं, पाणी आत बसतं, आणि बरोबर दिवाळीत सगळ्या जीपा गुणगुणत माझ्या दारात उभ्या. त्यामुळे दिवाळी अंक वाचायला मला कधी सवडच मिळाली नाही. यंदा एकदम लिहायलाच बसलो आहे.

गिऱ्हाइकं तर काय सांगू! बार्शीचे एक धान्याचे व्यापारी जीप घेऊन आले. मागचं बेअरिंग अक्षरशः रडत होतं. मी म्हटलं, शेटजी, हे आजच बदलू. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तेवढं नका करू. नातू या आवाजावरच झोपतो. बाकी कुठंच झोपत न्हाय." मी त्यांना चाक निखळून पडण्याचं वर्णन करून करून घाबरवलं आणि बेअरिंग बदललं. चार दिवसांनी शेटजींचा फोन. मागे पोराचं रडणं. "ऐका!" एवढंच म्हणाले आणि फोन तसाच धरून ठेवला.

मला इतकं अपराधी वाटलं की त्यांचं जुनं बेअरिंग मी भंगारातून शोधून काढलं, एका पाटावर खिळवलं, त्याला फिरवायला दांडी लावली आणि स्वतः बार्शीला नेऊन दिलं. शेटजी अजून रोज दुपारी ते हाताने फिरवतात. नातू आता शाळेत जातो. झोप शेटजींना लागते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शिवलीला अक्कांची.

अक्कांचं गाव अक्कलकोटच्या पुढे, मराठी संपता संपता कानडी सुरू होते तिथलं. डाळिंबाची बाग आणि नवऱ्याने आणलेली जुनी उघडी जीप. नवरा गेल्यावर बागही अक्काच बघतात आणि जीपही त्याच चालवतात, डोक्यावर पदर आणि पायात बूट. गावाजवळच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिथे जत्रा भरते आणि गावात शिजवलेली गव्हाची खीर, जिला तिकडे हुग्गी म्हणतात, ती भली मोठी कढईभर वर न्यायची असते. वाटेत नाला, पुढे चिखल, त्यापुढे दगडांची चढण. ही कढई वर नेण्याचा मान अक्कांच्या घराचा. नवरा होता तोवर प्रश्नच नव्हता. तो गेल्यावर अक्कांचे दीर भिमण्णा म्हणाले, मान घरातल्या पुरुषाकडे यावा, माझा ट्रॅक्टर आहे. गावच्या जाणत्यांनी मधला मार्ग काढला, की जोवर वहिनीची गाडी चढते आहे तोवर मान वहिनीचा. एकदा जरी अडली तर ट्रॅक्टर.

म्हणून अक्का दरवर्षी जत्रेच्या आधी गाडी माझ्याकडे आणायच्या. आणि दरवर्षी एकच तक्रार. पुढचं डावं चाक. तेवढंच! उजवं ठणठणीत, मागची दोन्ही ठणठणीत, डाव्यात मात्र ग्रीसचा चिखल झालेला, रोलर गंजलेले. एकदा तर मी टोपी काढली आणि आतून मुंग्यांची रांग निघाली. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडावर पत्र्याचं जे झाकण असतं त्याला आम्ही टोपी म्हणतो. डोंगर, नदी, खाण, सगळीकडच्या गाड्या उघडल्या मी, पण बेअरिंगमध्ये मुंग्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"अक्का, गाडीत गूळ वगैरे सांडला होता का?"

"चाकात कोण गूळ सांडंल वो?" अक्का म्हणाल्या. "तुमीच ग्रीस गोडाचं घालताव काय?"

झालं. माझा हात वर. म्हटलं, दोष आपल्याच हाताचा. मी डावरा आहे. डाव्या बाजूला बसून नट सोडताना माझं 'किंचित' चुकत असणार. मग मी अक्कांचं डावं चाक उजव्या हाताने बसवून पाहिलं. एकदा तोंड फिरवून उलट्या बाजूला बसून पाहिलं. एका वर्षी नवा सील, नवं झाकण, सगळं नवं. पुढच्या श्रावणात पुन्हा मुंग्या.

शेजारी रझाकमामूंचं लेथ मशीन आहे. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मास्तर, तुम हर बात में अपनीच गलती काय कू ढूंडते? जाके देखो ना उधर, गाडी कू क्या करते वो लोगां."

म्हणून गेल्या वर्षी नवं बेअरिंग घालून दिल्यावर मी आणि रझाकमामू जत्रेलाच गेलो.

जीप नवरीसारखी सजवली होती. मागे कढई, तिला दोरखंड, झाकणाला ओलं फडकं. अक्का आधीच स्टिअरिंगवर. भोवती सगळा गाव, हलगी, पिपाण्या. देवळाचे स्वामी आले, वाकले, आणि त्यांनी पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यावर, माझ्या नव्या टोपीवर, विभूतीचे तीन पट्टे ओढले. मला बरं वाटलं. मग त्यांनी नारळ घेतला, डोक्यावर उंच धरला आणि खण्णकन त्याच टोपीवर हाणला.

मी ओरडलो, "अहो स्वामी!"

"काय झालं?"

"तिथं नारळ फोडताय?"

"मग कुटं फोडू? गाडीचं कपाळ हाय ते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी की. गाडी आली तवापास्नं. एकेक नारळ लई कडक निगतोय, दोन-तीनदा हाणावं लागतंय."

वाचकहो, त्या क्षणी मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. टोपी चेपणार, फट पडणार, फटीतून नारळाचं पाणी, मागोमाग नाल्याचा गाळ आणि पाठोपाठ मुंग्या! माझा डावा हात निर्दोष होता! मी रझाकमामूंना मिठी मारली, त्यांना उचलायला गेलो, ते उचलले गेले नाहीत, म्हणून एकटाच उड्या मारल्या. हलगीवाल्याला वाटलं पाहुणा अंगात आल्यासारखा नाचतोय. त्याने ठेका वाढवला. त्या ठेक्यावर मी आणखी नाचलो. चांगला पन्नाशीचा माणूस मी.

तेवढ्यात स्वामींनी दुसऱ्यांदा हाणला. नारळ फुटला आणि टोपीही निखळली. विभूतीचे पट्टे घेऊन ती घरंगळत निघाली, लोकांच्या पायांमधून वाट काढत थेट नाल्यात गेली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

हलगी थांबली. सगळा गाव गप्प. तीच ती वर्गातली शांतता.

भिमण्णा पुढे आले. अंगात पांढरंशुभ्र, मिशीला पीळ. "गाडीचं कपाळच गळून पडलं," ते म्हणाले. "देवाच्या मनात न्हाय, अजून काय बघायचं? वैनी, उतरा खाली. माझा ट्रॅक्टर तयार हाय."

"व्हय, अपशकुनच की ह्यो," कुणीतरी म्हणालं.

माझा हात केव्हा वर गेला मला कळलंही नाही. "चूक माझी! झाकण मी बसवलं होतं."

कुणी लक्ष दिलं नाही. अक्का मात्र माझ्याकडे बघत होत्या. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं. हळूच म्हणाल्या, "मास्तर, चाक निगंल का?"

"चाकाला काही होत नाही, अक्का."

हेच खरं होतं. टोपी नसतानाही ती गाडी खुशाल चढली असती. आत गाळ गेला असता, बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांनी बोंबललं असतं, एवढंच. पण हे त्या गर्दीला कसं सांगणार? त्यांच्या लेखी गाडीचं कपाळ उघडं पडलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं. फुटलेल्या नारळाचं अर्धुक चाकाशीच पडलं होतं. मी त्यातलं खोबरं पान्याच्या टोकाने काढून रझाकमामूंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. करवंटी हबच्या तोंडावर धरून पाहिली. थोडी मोठी, पण बसत होती.

"कणीक आहे का कुणाकडे?"

पुऱ्यांच्या कणकेचा एक गोळा आला. मी करवंटीच्या काठाला कणीक थापली, ती हबवर दाबून बसवली आणि माझ्या पिशवीतल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बोल्टांना अडकवून आवळली. स्वामी वाकून बघत होते. त्यांनी हळूच त्यावर तीन पट्टे ओढले, एक झेंडूची माळ गुंडाळली. ट्यूब दिसेनाशी झाली. मग ते सरळ उभे राहिले आणि कानडीत काहीतरी मोठ्याने म्हणाले. गावाने एकच गजर केला.

"काय म्हणाले?" मी शेजारच्याला विचारलं.

"देवानं सवताच्या नारळानं गाडीचं कपाळ झाकलं."

हात तर माझे होते. अजून कणीक आणि ग्रीस लागलेले. मी तोंड उघडलं, पण गाडी सुरू झाली.

अक्कांनी ती कढई कशी नेली ते मी मागे धावत धावत पाहिलं. नाल्यात न थांबता, न उडवता. चिखलात चाक फिरायला लागलं तशी त्यांनी गाडी जरा मागे घेतली आणि कडेच्या गवताला धरून वर काढली. दुसऱ्या वळणावर दगड इतका उभा होता की पुढचं चाक अधांतरी झालं. तिथे त्या थांबल्या, पदर खोचला, अगदी हळू क्लच सोडला आणि कढईवरचं फडकंसुद्धा न हलवता गाडी दगडावरून उतरवली. लोक मात्र करवंटीकडे बघत होते. "बसली हाय! अजून बसली हाय!" असं ओरडत सगळे चाकाच्या बाजूने पळत होते. वर पोचल्यावर लोक पाया पडले ते चाकाच्या.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढचं ऐका.

त्या चढणीचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो गावातून तालुक्यात, तालुक्यातून जिल्ह्यात पोचला. नवरात्रात मोहोळचे एक बागायतदार आले. जीपच्या चारही चाकांच्या टोप्या काढलेल्या, चारही ठिकाणी करवंट्या. त्यांना व्हॉर्निश.

"बेअरिंग वाजतंय मास्तर."

"करवंटीमुळे वाजतंय. धूळ जाते आत. टोपी कुठाय?"

"टाकून दिली. देवाला पत्र्याचं चालत न्हाय."

मग अकलूजहून एक जण आला, त्याच्या करवंटीवर मुलीचं नाव रंगवलेलं. एकाने पाचवी करवंटी मागे टांगलेल्या स्टेपनीवर लावली होती, जी कधी फिरतच नाही. पुण्याच्या कुठल्या तरी हौशी जीपवाल्यांचा फोन आला: "सर, ते कोकोनट हब कव्हर जोडीने मिळतं का?" रझाकमामूंचे डोळे चमकले. "मास्तर, लेथ पे घिस के पॉलिश मारता मैं. दोनों मिल के बेचते."

"मामू!"

"हौ हौ, नक्को. पूछा सिर्फ."

माझ्या गॅरेजात कधी नव्हती एवढी गर्दी झाली. दिवसभर गंजलेली बेअरिंग काढायची आणि प्रत्येकाला हात जोडून सांगायचं, की बाबा, ती करवंटी मी लावली, मी! सायकलच्या ट्यूबने! त्यावर लोक हसून म्हणायचे, "मास्तर लई साधा माणूस. सवताकडं मोठेपणा घेत न्हाय." उलट माझ्याच पाया पडायला लागले. माझी ही गत. ज्या ज्या चुका केल्या नाहीत त्यांना हात वर केला तर लगेच मान्य; एक खरोखर केलेली सांगतोय तर कुणी ऐकेना!

शेवटी मी ठरवलं, जिथे सुरू झालं तिथेच जाऊन संपवायचं. यंदाच्या जत्रेत, सगळ्या गावापुढे, माइकवरून सांगायचं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात अक्कांचा मान आहे. गेलं वर्षभर भिमण्णा गप्प होते ते एकाच कारणाने, की देवानेच वहिनीच्या गाडीवर हात ठेवला. मी जाऊन म्हटलं की देवाने नव्हे, ट्यूबच्या पट्टीने, तर ते लगेच म्हणणार, मग तो मान फसवणुकीचा. मी खरं बोलून मोकळा होणार, आणि किंमत भरणार अक्का.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात अक्का गाडी घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसून ऐकत होत्या.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार," मी म्हणालो.

मी काढून ठेवलेलं बेअरिंग अक्कांनी उचललं, बोटांवर फिरवलं, खाली ठेवलं. "अय्यो मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमाला आधी सुचाय नको व्हतं?" मग उठून पदर नीट केला. "सांगा. पर मी गाडीत बसल्यावर सांगा. हातात स्टिअरिंग असलं की मला भ्या वाटत न्हाय."

यंदाच्या सोमवारी मी डाव्या चाकाला पत्र्याची टोपी बसवली आणि जत्रेला गेलो. टोपी बघून गावात आधीच कुजबुज सुरू झाली होती. कढई चढली, दोरखंड बांधला, अक्का बसल्या. स्वामी नारळ घेऊन वाकणार तेवढ्यात मी त्यांच्या हातातून माइक घेतला. घाईत वायर माझ्याच पायात गुंडाळली गेली.

मी सांगितलं. शाळेत उत्तर द्यावं तसं. टोपी का पडली, करवंटी कुणी बसवली, कणीक कशाला, ट्यूब कुठे होती. करवंटीने धूळ जाते, तुमच्या गाड्या खराब होतायत, आणि या सगळ्याला जबाबदार मी. म्हाताऱ्या माणसांसाठी स्वामी माझं एकेक वाक्य कानडीत सांगत होते. माझं वाक्य लहान असायचं आणि त्यांचं बरंच लांब. मधेच लोक हसले. मी काय विनोद केला ते मला अजून माहीत नाही.

मी थांबलो. परत तीच शांतता.

भिमण्णा पुढे आले. यंदाही पांढरंशुभ्र. "म्हंजे," त्यांनी सावकाश विचारलं, "गेल्या साली देवानं गाडी चढवली न्हाय?"

"नाही."

"ती करवंटी नसती तर?"

"तरी चढली असती."

"मग चढवली कुणी?" ते ओरडलेच.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"यांनी," मी म्हणालो. "दुसरं कोण होतं गाडीत?"

ट्रॅक्टरचा मुद्दा भिमण्णांच्या जिभेवर आलेला मला दिसत होता, पण तो आता कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली, हुग्गी शिजवणाऱ्या बायांमधली सगळ्यात थोरली. तिने जीपच्या चाकाकडे बघितलं, मग अक्कांकडे.

"गं बया," ती म्हणाली, "म्हंजे वरीसभर आमी नारळाच्या पाया पडलाव आन् ही तितंच बसली व्हती?"

आधी बायका हसल्या. मग हलगीवाला. मग सगळा गाव असा हसत सुटला की स्वामींनाही नारळ खाली ठेवावा लागला. "हौदु, हौदु," ते कानडीत होकार भरत म्हणत होते, "आमी सगळे चाकाकडंच बघत व्हतो की." एकेक जण गेल्या वर्षीची चढण आठवायला लागला, जणू तेव्हा पाहिली नव्हती आणि आत्ता दिसते आहे. "त्या वळणाला थांबली न्हाय का!" "मागं घेतली की वो गाडी, मी म्हनलं आता गेली!" "फडकं पण हाललं न्हाय!" अक्कांचं तोंड लाल झालं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

भिमण्णा मात्र तिथेच उभे. हसू येत होतं आणि मिशी ते येऊ देत नव्हती. त्यांच्यामागे ट्रॅक्टर, तोही धुतलेला, हार घातलेला.

अक्कांनी गाडी सुरू केली. मग मागे वळून बघितलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "दोरी ढिल्ली वाटतीय मला. वळणाला कढई धराय माणूस पायजे. बसताव का मागं?"

भिमण्णांनी गावाकडे पाहिलं. गावाने भिमण्णांकडे पाहिलं. त्यांनी चपला काढून ट्रॅक्टरवर ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि जीपमध्ये चढून कढईला दोन्ही हातांनी मिठी मारली. दोर मी स्वतः तपासला होता, चांगला घट्ट होता. पण दुसऱ्या वळणावरच्या दगडावर यंदा थोडी हुग्गी हिंदकळलीच, नेमकी पांढऱ्या सदऱ्यावर. मी मागे धावत होतो, मला शंका आली. वर पोचल्यावर अक्कांना विचारलं. त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "क्लच जरा लवकर सुटला मास्तर. चूक माझी."